पाणी खाली जातं, म्हणजे कुठे जातं?

(तृतीय वर्ष, सिव्हिल)

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत मी घरी भांडते, आजीशी गप्पा मारते आणि मेसच्या काकूंकडे भाजीची तक्रार करते, पण लेख असा कधी लिहिलेला नाही. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका प्रूफ तपासणाऱ्यांनी काढाव्यात आणि ज्या उरतील त्या वाचकांनी पोटात घालाव्यात.

विषय सुचला तो एन्व्हायर्नमेंटलच्या प्रॅक्टिकलमध्ये. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा होता. ज्यांनी हे प्रॅक्टिकल केलं आहे (म्हणजे जर्नलमध्ये उतरवलं नाही, खरंच केलं आहे) त्यांना आठवत असेल. बाटलीत नमुना भरायचा, मँगेनस सल्फेट घालायचं, मग अल्कली आयोडाइड अझाइड, बूच लावून हलवायचं आणि थांबायचं. तपकिरी साका खाली बसला तर पाण्यात ऑक्सिजन आहे. पांढरा बसला तर नाही. नळाच्या पाण्याचा सगळ्यांचा तपकिरी आला. सरांनी दुसरा नमुना म्हणून हॉस्टेलच्या मागच्या नाल्याचं पाणी आणायला सांगितलं होतं. त्याचा साका आला पांढराशुभ्र, एकदम निरम्याच्या जाहिरातीतल्यासारखा! पुढचं टायट्रेशन करायची गरजच उरली नाही. आम्ही खूश, कारण लवकर सुटलो.

खाली येताना मैत्रिणीने सहज विचारलं, "पण हा नाला जातो कुठे?" मी म्हटलं, "मुठेत." "आणि मुठा?" तेव्हा मी गप्प बसले. कारण मुठा कुठे जाते ते मला चांगलंच माहीत होतं. पण ते शेवटी सांगते.

माझं घर सोलापूरला. पण बाबांची आई, म्हणजे माझी आजी, मूळची पुण्याची. नारायण पेठेत नदीजवळच्या एका वाड्यात तिचं बालपण गेलं. तिच्या बोलण्यात नदी सारखी येते, आणि ती नदी मी पाहिलेल्या मुठेपेक्षा इतकी वेगळी असते की पहिल्या वर्षाला असताना मला वाटायचं, आजीचं काहीतरी चुकतंय. ती म्हणते, गोधड्या धुवायला नदीवर जायचो. भाऊ पाठीला डबा बांधून तिथेच पोहायला शिकला. उन्हाळ्यात पाणी कमी असायचं, पण तळातले दगड दिसायचे. एकदा मी तिला लकडी पुलावर घेऊन गेले होते. दोन मिनिटं तिने खाली पाहिलं, मग पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "चल गं, चहा घेऊ."

तिची मुठा हरवली कधी, हे शोधायला म्हणून मी लायब्ररीत बसले, आणि उत्तर वाटलं होतं तेवढं सोपं निघालं नाही.

पुणं वसलं ते नदीमुळेच. मुळा-मुठेच्या संगमाजवळ, मुठेच्या काठी कसबा ही सगळ्यात जुनी वस्ती. नदीलगत कुंभार राहिले, घाट बांधले गेले, ओंकारेश्वरासारखी देवळं उभी राहिली. गावाचं तोंड नदीकडे होतं. पण पिण्याच्या पाण्यासाठी पुण्याने नदीवर अवलंबून राहणं पेशवाईतच कमी केलं होतं. १७५० च्या आसपास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथून दगडी बांधणीच्या नळातून, नुसत्या उताराच्या जोरावर, शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं. मध्ये हवा खेळती राहावी म्हणून उच्छ्वास ठेवले. ना पंप, ना वीज! पेठापेठांतून हौद बांधले. काळा हौद, बदामी हौद, साततोटी हौद ही नावं अजून पत्त्यांमध्ये आहेत, पाणी मात्र नाही. सिव्हिलवाल्यांनी ही योजना एकदा तरी नीट अभ्यासावी. आमच्या सिलॅबसमध्ये ती नाही, परदेशी उदाहरणं भरपूर आहेत.

म्हणजे नदीपासून पहिलं पाऊल तेव्हाच मागे पडलं. पण धुणं, आंघोळ, गुरं, पूजा, दहावा आणि पोहणं हे सगळं नदीवरच होतं. ओळख तुटली नव्हती.

दुसरं पाऊल १८७९ चं. त्या साली खडकवासल्याचं दगडी धरण पूर्ण झालं. शेतीला कालवा मिळाला, कॅन्टोन्मेंटला आणि शहराला पाणी मिळालं. पुढे १९०३ मध्ये, आपण दरवर्षी इंजिनिअर्स डेला ज्यांच्या फोटोला हार घालतो त्या विश्वेश्वरय्यांनी आपले स्वयंचलित दरवाजे पहिल्यांदा बसवले ते याच धरणावर. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे, मला वाटतोही. फक्त एक झालं. पाणी आता शहराच्या वरच अडवलं जाऊ लागलं आणि कालव्यातून, पाइपातून घरात येऊ लागलं. शहरातून जी वाहते ती नदी म्हणजे वापरून उरलेलं पाणी असा हिशोब हळूहळू सुरू झाला. नळ सोडला की पाणी येतं, मग नदीकडे बघायचं कशाला?

आणि मग १२ जुलै १९६१.

पुण्याच्या मुलांना हे पाठ असेल, बाहेरून आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. खडकवासल्याच्या वर आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण बांधणं चालू होतं. आउटलेटचं काम अर्धवट होतं, तरी त्या पावसाळ्यात पाणी साठत गेलं. आउटलेटच्या वरचा बांध खचू लागला. रात्रभर लष्कराचे जवान वाळूच्या पोती रचत होते. सकाळी पानशेत फुटलं, त्या लोंढ्यापुढे काही तासांनी खडकवासलाही फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

आजी तेव्हा अकरा वर्षांची होती. ती सांगते, धरण फुटलं म्हणून ओरडत लोक पळत होते आणि निम्म्यांना ती अफवाच वाटत होती. तिच्या आईने भावंडांना घेऊन पर्वती गाठली. वडील देव आणि कागदपत्रं घ्यायला मागे थांबले आणि कसेबसे वर पोचले. दोन दिवसांनी ते परत आले तेव्हा वाड्याचे खांब आणि दाराची चौकट उभी होती, मातीच्या भिंती विरघळून गेल्या होत्या. गुडघाभर गाळ होता. आणि तिच्या लक्षात राहिलेली सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे घरावरून पाणी गेलं होतं आणि प्यायला पाणी नव्हतं. धरणच गेल्यावर नळाला काय येणार? लांबच्या एका नातेवाइकांच्या विहिरीवर रांग लावून हंडे भरत होते, म्हणते. शंभर वर्षांत प्रथमच असेल, पुण्याला विहिरींची एवढी आठवण झाली.

पुढे पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरसारख्या वसाहती झाल्या, पुणं नदीपासून लांब पसरलं. आजीच्या वडिलांनी मुलांना नदीवर जायची बंदी केली ती कायमची. कितीतरी घरांत असंच झालं असणार. मी एकदा आजीला विचारलं, तुला नदीचा राग नाही येत? ती म्हणाली, "नदीचा कशाला? नदी काय करणार? धरण फुटलं होतं."

मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. चूक झाली ती आपल्या क्षेत्रातल्या लोकांची, घाईची आणि अर्धवट कामाची. शिक्षा मात्र नदीला झाली. १९६१ नंतर नदी म्हणजे गावाचं परसदार झालं, आणि परसदारात आपण काय टाकतो ते सांगायला नको.

आजची भाषाच बघा ना. रिक्षावाल्या काकांना "नदीपात्रातून घ्या" म्हटलं तर ते दचकत नाहीत, कारण पुण्यात नदीपात्र हे रस्त्याचं नाव आहे! पात्रात रस्ता आहे, पात्रात पार्किंग आहे, पात्राकडेने खांबांवरून मेट्रो जाते. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की "नदीपात्रातील वाहने काढून घ्यावीत" अशी घोषणा होते. जणू नदीच आगंतुकासारखी आली! पाऊस किती झाला हे आम्ही मिलिमीटरमध्ये मोजत नाही, भिडे पूल पाण्याखाली गेला का ते विचारतो. गेला की हॉस्टेलमधली निम्मी जनता सेल्फी काढायला पळते (मीही गेले आहे). वर्षातले तेवढे चार दिवस पुणेकर नदीकडे बघतात. हल्ली बरेचसे गणपतीसुद्धा नदीत उतरत नाहीत, काठावरच्या हौदात बुडतात. ते योग्यच आहे, पण देवालाही ज्या पाण्यात उतरवणं बरं वाटत नाही त्या पाण्याबद्दल कुणालाच काही वाटू नये?

आता थोडं टेक्निकल. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी. नदीला दोन पूररेषा असतात. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. मुठेसाठी निळी ६० हजार क्युसेकची आणि लाल १ लाख क्युसेकची धरली आहे. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, एवढा साधा नियम. २५ जुलै २०२४ ला पहाटे खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सुटलं आणि सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत लोकांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. त्या दिवशी धरणाच्या खालीही पाऊस प्रचंड होता, ओढ्यांचं पाणी वेगळं, हे खरं. तरी ३५ हजार कुठे आणि ६० हजार कुठे? रेषा नकाशावर आहे तिथेच आहे. नदीची जागा मात्र भराव, राडारोडा आणि बांधकाम यांनी कमी होत गेली. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पहिल्या युनिटमध्ये शिकतो तेच, क्षेत्रफळ कमी केलं तर पातळी वाढणार. त्यासाठी फार हुशार असावं लागत नाही.

यावर उपाय म्हणून नदीकाठ सुधारणा प्रकल्प आला आहे. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर, भूमिपूजन ६ मार्च २०२२ ला झालं. चित्रं सुंदर आहेत. फरसबंद काठ, सायकल ट्रॅक, झाडं, बाकं, आणि निळंशार पाणी. माझा बागेला विरोध नाही. मला पण नदीकाठी चहा प्यायला आवडेल, नाक न दाबता. पण ते निळं पाणी येणार कुठून? लोक साबरमतीचं उदाहरण देतात. साबरमतीत नर्मदेच्या कालव्याचं पाणी सोडता येतं. मुठेत कुणाचं सोडणार? वरची चारही धरणं, म्हणजे टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला, मिळून २९ टीएमसीच्या आसपास. ते शहराला, शेतीला आणि आमच्या हॉस्टेलच्या गळक्या नळांना पुरवता पुरवता नाकी नऊ येतात. पावसाळा संपला की मुठेत वाहतं ते मुख्यतः आपणच सोडलेलं. ११ नवे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प २०१६ साली मंजूर झाले, जपानच्या कर्जातून. त्यांना कागदावरून जमिनीवर यायलाच वर्षामागून वर्षं गेली. माझ्या मते आधी ते, मग बाकं.

हे फक्त आपलंच रडगाणं नाही. लंडनची थेम्स १८५८ च्या उन्हाळ्यात एवढी घाण मारू लागली की पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून लावावे लागले. खासदारांच्या नाकाला वास गेल्यावर पैसे लगेच मंजूर झाले! जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरने शहरभर गटारांचं जाळं बांधलं, आणि १८७० मध्ये थेम्सकाठी जो प्रसिद्ध रस्ता आणि बागा झाल्या, त्यांच्या पोटात त्याने आधी गटाराचा बोगदा घातला. वर बाग, आत गटार. नदी अरुंद केलीच त्यानेही, पण क्रम तरी बरोबर होता. चूक दुसरीकडे झाली. ती घाण त्याने शुद्ध केली नाही, फक्त शहराच्या खालच्या बाजूला नेऊन सोडली. १८७८ मध्ये त्या गटारांच्या मुखांजवळच एक प्रवासी बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. १९५७ मध्ये थेम्स जैविकदृष्ट्या मृत आहे असं जाहीर झालं, म्हणजे बॅझलजेटनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. नंतर शुद्धीकरण सुधारलं तेव्हा कुठे मासे परतले. आणि अजूनही काम संपलेलं नाही, २५ किलोमीटरचा नवा बोगदा २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला.

"खालच्या बाजूला नेऊन सोडली" हे वाचताना मला मैत्रिणीचा प्रश्न आठवला. आता त्याचं उत्तर.

मुठा संगमावर मुळेला मिळते. मुळा-मुठा दौंड तालुक्यात भीमेला मिळते. भीमा जाते उजनी धरणात. ११७ टीएमसीचं उजनी, १९८० साली पूर्ण झालेलं. आणि सोलापूर शहर पाणी पितं ते उजनीचं. म्हणजे माझं घर! मी हॉस्टेलला फ्लश ओढते, ते पाणी माझ्याआधी सोलापूरला निघतं. एसटीने घरी जाताना भिगवणच्या पुढे उजनीचा फुगवटा दिसतो. लोक तिथे फ्लेमिंगो बघायला आणि मच्छीची थाळी खायला थांबतात. मी खिडकीतून पाण्याचा हिरवा रंग बघते. मध्ये अंतर आहे, पाणी वाटेत थोडंफार स्वतःला सुधारतं, सोलापूरला फिल्टर होतं, हे सगळं मला ठाऊक आहे. कुणी घाबरून जाऊ नये. पण आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी आजी सगळ्यात आधी उठते आणि पिण्याचा हंडा फडक्याने गाळून भरते. लहानपणी ज्या नदीत गोधड्या धुतल्या, पुराने ज्या नदीने तिचं घर नेलं, त्याच नदीचं पाणी ती सत्तर वर्षांनी गाळून पिते. मध्ये फक्त आपण सगळे आहोत.

उजनीच्या खाली भीमेलाच पंढरपुरात चंद्रभागा म्हणतात, हेही जाता जाता सांगते. आपल्या हॉस्टेलच्या गेटसमोरून पालखी जाते तेव्हा आपण वारकऱ्यांना केळी आणि पाणी वाटतो. फोटो नोटीस बोर्डावर लागतात. आणि मागच्या बाजूने नाल्यातून जे जातं, ते त्याच दिशेने जातं.

मैत्रीण म्हणते की पुढचा परिच्छेद सर कापतील. बघू.

आपल्या कॅम्पसमध्ये सांडपाणी शुद्धीकरणाचा प्लांट आहे. व्हॉलीबॉल ग्राउंडच्या मागे, कुंपणाच्या आत, ज्याला बहुतेक जण पंपहाउस समजतात तोच. प्रॅक्टिकलनंतर आम्ही तिघी तो बघायला गेलो. तिथल्या मामांनी आनंदाने सगळं दाखवलं, कारण म्हणे गेल्या दोन वर्षांत तिथे कुणी विद्यार्थी आलाच नव्हता. (सिव्हिलचं कॉलेज बरं का!) दोन ब्लोअर आहेत. एक नादुरुस्त आहे, दुसरा वीजबिल वाढतं म्हणून रोज थोडाच वेळ चालतो. ब्लोअर बंद म्हणजे टाकीत हवा नाही, हवा नाही म्हणजे जिवाणू मेले, जिवाणू मेले म्हणजे जसं आलं तसं बाहेर. तपासणीला कुणी येणार असलं की आदल्या दोन दिवसांपासून सगळं सुरू. मामांना मी काही बोलले नाही. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल पूर्ण करतो त्याहून ते वेगळं काय आहे?

पण एक सुचवते. ब्लोअरची दुरुस्ती आणि रोजचं वीजबिल किती येईल याचा अंदाज आम्ही मामांच्या मदतीने काढला आहे. हॉस्टेलमधल्या प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रक्कम गॅदरिंगच्या वर्गणीपेक्षा कमी आहे. शिवाय फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय मिळत नाही म्हणून जे हॉस्टेलभर फिरत असतात, त्यांना आयता विषय आहे. नाल्याचं पाणी दर आठवड्याला तपासायचं, ब्लोअर सुरू करण्याच्या आधी आणि नंतर. केमिकल्स लॅबमध्ये आहेत, बाटल्या आहेत, नाला तर आहेच.

प्रिन्सिपल सरांच्या नावाने तसा अर्ज लिहून आम्ही मेसच्या बोर्डवर लावला आहे. सही करायची असेल तर पेन स्वतःचं आणा, दोरीला बांधलेलं पहिल्याच दिवशी कुणीतरी नेलं.